दुखलं की दाबायचा फुगा

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. माझं मात्र गेली कित्येक वर्षं त्यावरच भरतं आहे, आणि तेही पांढरकवड्याच्या बाजूला, जिथली माणसं चारचौघांत तोंड उघडायलाच तयार नसतात.

कारण पाण्यात होतं. इथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त. लहानपणी दात हिरडीच्या आत तयार होत असताना ते पाणी पोटात गेलं की दाताचं वरचं कवच, इनॅमल, घट्ट होत नाही. ते सच्छिद्र राहतं आणि पुढे चहापासून वरणापर्यंत सगळ्यांचे रंग पिऊन पिवळं, तपकिरी, काहींचं तर पार काळपट होतं. आता गावोगावी शुद्ध पाणी आलं. नवी पोरं पांढऱ्या दातांची निघाली. पण त्यांच्या आजी-आजोबांची अख्खी पिढी राहून गेली. एखाद्या लग्नात जाऊन बघा. विनोद झाला की बायकांचे पदर आणि पुरुषांचे रुमाल एकदम तोंडावर जातात.

चंद्रकलाबाई मत्ते माझ्याकडे आल्या तेव्हा साठीला टेकल्या होत्या. सोबत नवरा, दिवाकरराव. बाई खुर्चीत बसल्या आणि तोंडावरचा पदर न काढताच म्हणाल्या, “डाक्टरीनबाई, मले दात पांढरे कराचे हायेत.”

दिवाकरराव भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राकडे बघत म्हणाले, “मी म्हनलं हिले, आता या वयात कोनाले दाखवाचे हायेत दात? आयकतच नाई जी.”

“तुमाले नाई दाखवत,” बाई म्हणाल्या.

मी कारण विचारलं. या वयाचे पेशंट दुखण्यासाठी येतात, दिसण्यासाठी नाही.

“मले नात हाय. जुई. चार वर्साची,” त्या सांगू लागल्या. “दात तिचे असे, का मोगऱ्याच्या कया. पन हासली का तोंडावर हात ठेवते. तिच्या मायनं शिकवलं नाई, बापानं शिकवलं नाई. मी हासतो तशी हासते पोट्टी. मंग मी म्हनलं, तिले रागवून काय फायदा?”

मला ही बाई तिथल्या तिथे आवडली.

पूर्वी असे दात सुंदर करायचे म्हणजे चांगला दात घासून त्यावर चिनीमातीची पातळ पापडी चिकटवायची. पापडी निघाली की पुन्हा घासायचं. नव्या उपचारात ती घासाघीस नाही. खराब झालेला थर हलक्या आम्लाने विरघळवायचा आणि वर प्रथिनांचा एक लेप द्यायचा. दाताच्या आत, ज्या पेशींनी लहानपणी दात घडवलेला असतो, त्या म्हातारपणीही शिल्लक असतात. लेप त्यांना हाक मारतो, त्या आतून खनिजं पाठवतात, आणि तासाभरात लेपाचं नवं इनॅमल होऊ लागतं. आमच्याकडे लोकांनी याला सोपं नाव दिलं आहे, साय धरणं.

अडचण एकच होती. या पेशी काम करतात ते दाताच्या नसेच्या सांगण्यावरून. नस बधिर केली की त्याही झोपतात आणि साय धरत नाही. म्हणजे भुलीचं इंजेक्शन बाद. आम्लाने उघडा केलेला दात आणि खाली टक्क जागी नस, हे काय प्रकरण असतं ते किडक्या दाताने बर्फाचा गोळा खाल्लेल्या माणसाला विचारा.

त्यावरचा तोडगा म्हणजे पट्टा. जबड्याची नस कानापुढून मेंदूकडे वळते, तिथे तो बसतो. दातातून निघालेली कळ वर पोहोचायच्या आत पट्टा उलटे ठोके देऊन तिला विझवतो. दात जागा राहतो आणि माणूस आरामात. पण ठोके किती द्यायचे? कमी पडले तर कळ निसटते, जास्त झाले तर खालची नसही झोपते. आणि कळ मोजायचं मीटर अजून कुणाला बनवता आलेलं नाही, कारण प्रत्येकाच्या मेंदूत दुखणं वेगळं उमटतं. म्हणून पट्ट्याची आधी शिकवणी घ्यावी लागते. पेशंटच्या हातात एक रबरी फुगा देतात, रक्तदाब मोजायच्या यंत्राला असतो तसा. दुखलं की दाबायचा, जास्त दुखलं की जोरात. त्या वेळचे मेंदूचे तरंग पट्टा लक्षात ठेवतो आणि थोड्या वेळाने त्याचं त्यालाच ओळखता येतं.

या यंत्राच्या चाचण्या मोठ्या शहरांत झाल्या. तिथल्या लोकांनी म्हणे फुगे दाबून दाबून फोडले. त्यामुळे दुखणं वाढवून सांगणारा पेशंट यंत्राने हिशेबात धरलेलाच होता. कमी करून सांगणारा कुणाच्या डोक्यातही आला नव्हता.

मी चंद्रकलाबाईंच्या हातात फुगा दिला, सगळं दोनदा समजावलं आणि दातावर गार हवा सोडली. फुगा गप्प.

“दुखलं का?”

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. हवा वाढवली, तरी नाही. पट्ट्याने समजून घेतलं की या बाईच्या मेंदूत असे तरंग उठतात तेव्हा ती मजेत असते. पडद्यावरची रेघ हिरवी झाली. मी आम्ल लावलं आणि वरचे पुढचे सहा दात एकेक करून उघडे केले. रेघ हिरवीच. बाई दुपारी जेवून लवंडल्यासारख्या शांत पडलेल्या. त्यांची नाडीसुद्धा संथ होती. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीनेच ती संथ राहते, हे मला माहीत असून त्या वेळी सुचलं नाही.

चूळ भरायला पेला दिला तेव्हा त्यांचा डावा तळहात दिसला. चार नखं आत रुतून रक्त आलं होतं.

“हे काय?”

“काई नाई जी. जरासं झोंबलं.”

“मग फुगा का दाबला नाहीत?”

“तुमी इतकं बारीक काम करून राह्यल्या. मी काई दाबलं असतं तं तुमच्या हाताले धक्का लागला असता.”

मला संताप आला. त्यांच्यावर आला, यंत्र बनवणाऱ्यांवर आला, आणि ‘आमची सून फार सोशिक’ असं कौतुकाने सांगणाऱ्या जगातल्या तमाम सासवांवर आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायला आपण मुलींना शिकवतो, वर त्याला गुण म्हणतो. मी काम थांबवलं आणि उघड्या दातांवर तात्पुरता लेप चढवला. तो जेमतेम आठवडाभर टिकतो. तेवढ्यात साय धरली नाही, तर हे दात जन्मभर गार पाण्याला, गरम चहाला, तोंडात शिरणाऱ्या वाऱ्यालासुद्धा कळवळणार होते. मग त्यांवर टोप्या बसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि त्यासाठी आत्ता वाचवलेला दात घासायचाच होता.

मी कंपनीच्या इंजिनिअरला पडद्यावर गाठलं. पोरगा सज्जन होता. “मॅडम, पेशंट कमी सांगतो? का पण?” असं त्याने तीनदा विचारलं. शेवटी म्हणाला, “लहान मुलांसाठी आपली सोबती पद्धत आहे. फुगा आईच्या हातात द्यायचा. मुलाला दुखतंय असं आईला वाटलं की ती दाबते. यांच्या घरचं कुणी बसवा.”

घरचं कुणी म्हणजे दिवाकरराव. दुसऱ्या दिवशी त्यांना स्टुलावर बसवून मी बाजूच्या, आम्ल न लावलेल्या दातांवर हवा सोडून पाहिली. त्यांनी हवेचा आवाज आला की फुगा दाबला. माझ्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला, दाबला. स्वतःचा फोन वाजला तेव्हा तर दोन्ही हातांनी दाबला. घामाघूम होऊन म्हणाले, “मॅडम, हिले कधी काई दुखतच नाई जी. मले कसं समजंल?”

मी त्यांना बाहेर ओसरीत आणलं. “काका, काकूंना दुखतं तेव्हा ओळखणारं कुणीच नाही का?”

ते चपलेने फरशी उकरू लागले. मग म्हणाले, “येक हाय. पन बोलत नाई दोघी.”

ती एक म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको, बेबी. दोघी जावा तीस वर्षं एका चुलीवर नांदल्या. सात वर्षांपूर्वी चंद्रकलाबाईंच्या एकुलत्या मुलाचं लग्न निघालं. त्याच सुमाराला बाईंच्या पोटात दुखायला लागलं. बेबीला ते कळलं तेव्हा बाईंनी तिला शपथ घातली, लग्न लागेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही. बेबीने हळदीच्या संध्याकाळी शपथ मोडली आणि दोघा भावांना सांगितलं. तशीच गाडी काढून बाईंना यवतमाळला नेलं. पित्ताच्या पिशवीत पू झाला होता, सकाळपर्यंत फुटली असती. पाहुणे मांडवात आलेले, लग्न पुढे ढकलता येईना. दिवाकरराव दवाखान्यात बायकोच्या उशाशी बसले, आणि मुलाचे आईबाप म्हणून सगळे विधी धाकट्या जोडप्याने केले.

“म्हणजे बेबीबाईंमुळे काकूंचा जीव वाचला की,” मी म्हटलं.

“वाचला जी,” दिवाकरराव म्हणाले. “पन पोराचं लग्न गेलं.”

मी आत येऊन चंद्रकलाबाईंना सरळ विचारलं, बेबीबाईंना बोलावू का? त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, झालं, संपलं. तेवढ्यात भिंतीकडूनच उत्तर आलं, “दात उघडे करून ठेवले तुमी. आता मले काय इचारता?”

आमच्या भागात त्या पिढीत बेबी हे नाव फार. बेबी नावाच्या बायका माझ्याकडे कवळी बसवायलासुद्धा येतात. ही बेबी पंचावन्नची, खणखणीत आवाजाची. माहेर दुसऱ्या तालुक्यातलं, म्हणून दात पांढरेशुभ्र. दारातूनच मला म्हणाली, “डाक्टरीनबाई, त्याइले म्हना, मी काई हौसेनं आली नाई.”

खुर्चीतून चंद्रकलाबाई म्हणाल्या, “तिले म्हना, बस म्हना. उभी कायले हाय?”

दोघींच्या मध्ये चार पावलांचं अंतर. मी निरोप्यासारखी मान इकडून तिकडे वळवली. बेबीबाईंनी स्टूल ओढलं आणि खुर्चीच्या पायथ्याशी नेऊन ठेवलं.

“तिथून चेहरा दिसणार नाही,” मी म्हटलं.

“थोबाड पाहून काय कराचं? ते तं बाईनं कवाचंच गप्प करून ठेवलं. पाय पाहा तुमी. दुखलं का आंगठा जोडव्यावर चढते. बायतपनात चढे, हात भाजला तवा चढे. मी तीस वर्सं पाह्यलं.”

मी गार हवा सोडली. चंद्रकलाबाईंचा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा. उजव्या पायाचा अंगठा मात्र हळूच सरकला आणि शेजारच्या बोटातल्या जोडव्यावर जाऊन बसला. बेबीबाईंनी फुगा दाबला. पुन्हा हवा, पुन्हा अंगठा, पुन्हा फुगा. पडद्यावरची खोटी हिरवी रेघ पहिल्यांदा हलली, लाल झाली, आणि पट्ट्याला कळलं की इतके दिवस आपण ज्याला आराम समजत होतो ते काय होतं. त्याने ठोके दिले. अंगठा जोडव्यावरून खाली उतरला.

मी तात्पुरता लेप काढला आणि एकेका दाताला नवा लेप देऊ लागले. दात उघडा केला की अंगठा उठायचा, फुगा दाबला जायचा, अंगठा बसायचा. चौथ्या दातापाशी चंद्रकलाबाईंचे खांदे खुर्चीला टेकले. ते इतका वेळ अधांतरी होते हे मला तेव्हा कळलं, त्यांना तर बहुधा तोवरच्या आयुष्यात कळलं नव्हतं.

मग सुळा आला. सुळ्याचं मूळ सगळ्यांत लांब, कळही तशीच मोठी. एवढी मोठी कळ पट्ट्याने अजून ऐकलेली नव्हती, तिची शिकवणी बाकी होती. मी सुळा उघडा केला आणि फुग्याची वाट पाहिली. फुगा गप्पच.

मी वळून पाहिलं. चंद्रकलाबाईंनी डाव्या पायाचा तळवा उजव्या पायाच्या बोटांवर घट्ट दाबून धरला होता. जोडवं झाकून टाकलं होतं.

बेबीबाई उठल्या. सात वर्षांत पहिल्यांदा त्या जावेशी थेट बोलल्या. “बाई, पाय लपवता मायापासून?”

चंद्रकलाबाईंनी तळवा आणखी घट्ट दाबला.

“मी नाई दाबत आता,” बेबीबाईंचा आवाज चिरकला. “येकडाव मी सांगतलं तुमचं दुखनं, तं सात वर्सं मले बोलल्या नाई. मायी पोरगी सासरी गेली, तुमी दारात आल्या नाई. मी पुन्हा नाई सांगाची. तुमचं हाय, तुमी सांगा.” आणि फुगा त्यांच्या हातात कोंबून, त्यावर त्यांची बोटं एकेक करून मिटवून, त्या मागे सरकल्या.

“काकू,” मी म्हटलं, “सुळा उघडा आहे. तुम्ही सांगितलं नाहीत तर पट्ट्याला कळणार नाही, आणि तुम्हाला असं ठेवून मी पुढे हात लावणार नाही. मग आज साय धरणार नाही. पुन्हाही धरणार नाही.”

मी खरंच हात मागे घेतला. ही बाई उठून घरी जाईल, जन्मभर कोमट पाणी पिईल आणि विचारलं तर ‘काई नाई’ म्हणेल, असं मला दिसत होतं.

फुगा अगदी थोडा दबला. पडद्यावर जेमतेम ठिपका उमटला.

“इतकंच?” बेबीबाई म्हणाल्या.

मग तो दबला. सगळा. दोन्ही हातांनी. आणि गाल ताणून धरलेल्या त्या तोंडातून, जिभेला जागा नसताना, शब्द आले, “दुखते वं बेबी. लय दुखते.”

पट्टा क्षणभर चाचपडला आणि मग त्याने ती कळ ओळखली. रेघ लाल टोकावरून घसरत खाली आली आणि सपाट झाली. मी भराभर लेप दिला, सहाही दात झाकले. आता तासभर ओठ हलवायचे नव्हते की बोलायचं नव्हतं.

पण फुगा सुटेना. चंद्रकलाबाईंची बोटं पांढरी पडली होती, डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत वाहत होतं. मी घाबरून एकेक दात तपासला. सगळे शांत. पट्टा तपासला, नीट होता. पडद्यावर प्रश्न आला: फुगा आणि नस जुळत नाहीत, शिकवणी चालू ठेवायची? मी शिकवणी बंद केली. हे त्याला शिकवलं असतं तर त्याने तेही विझवायला सुरुवात केली असती, आणि ते मला नको होतं.

“दातांचं नाही हे,” मी बेबीबाईंना हळू सांगितलं.

“मले मालूम हाय कुठचं हाय ते,” त्या म्हणाल्या. त्यांनी स्टूल पायथ्यापासून उचललं आणि उशाशी आणून ठेवलं. बसल्या. पदराने आधी स्वतःचं नाक पुसलं, मग त्याच पदराने जावेचे कान.

“मांडव चांगला झाला होता बाई,” त्या सांगू लागल्या. “बुंदी जराशी कडक झाली, बाकी जेवन चांगलं. पोरगं सारखं रस्त्याकडे पाहे. मंगलाष्टकं लागली तं डोये भरले त्याचे. मी म्हनलं, होमाच्या धुरानं झालं असन रे. तं म्हने, काकू, होम अजून पेटला नाई.”

फुगा आणखी दबला. बेबीबाई थांबल्या नाहीत.

“मंग गुरुजीनं मायापाशी आरसा देल्ला. म्हने, सासूबाई, सूनमुख पाहा. नवरी बाजूले बसून होती, साऱ्या बाया भवताल जमल्या. मी आरसा मांडीवर पालथा ठेवला बाई. म्हनलं, बाकी सारं मी केलं, हे मी कराची नाई. हे ज्याइचं हाय त्या दवाखान्यात हायेत. गुरुजी रागावले, तुमचे दीर रागावले. मी नाईच पाह्यलं. कोनीच नाई पाह्यलं. तुमचं होतं, ते तसंच राह्यलं.”

लग्नाच्या विधींत सासूने सुनेचं तोंड पहिल्यांदा आरशात बघायचं असतं. सात वर्षं चंद्रकलाबाईंनी मनात काय धरलं होतं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून मला समजलं की त्या आरशात त्यांनी रोज आपल्या जागी बेबीचंच तोंड पाहिलं होतं.

हातातला फुगा सुटला आणि घरंगळत खाली गेला. मोकळ्या झालेल्या हाताने त्यांनी बेबीबाईंचं मनगट शोधलं आणि धरलं. बेबीबाई रडत होत्या, मीही मास्कच्या आत रडत होते, आणि खुर्चीतल्या बाईला हुंदका द्यायचीसुद्धा परवानगी नव्हती.

साय धरायला अजून पुष्कळ वेळ होता.

“लग्नात पुढे काय झालं?” मी बेबीबाईंना विचारलं, कारण चंद्रकलाबाईंना स्वतःला ते विचारता येत नव्हतं.